व्हॅनचं पाणी

व्हॅनची पुढची सीट उचलून रेडिएटरचं झाकण फिरवलं तर पाणी काठोकाठ होतं. मागं वळून पाण्याचा कॅन उचलला तर तो अर्धाच होता.

"आण्णा, ह्यात पाणी कुणी वतलं?"

आण्णा व्हॅनच्या मागच्या सीटवर रेलून बसले होते. डोळे मिटलेले, सुजलेले पाय पुढच्या सीटच्या पाठीला टेकवलेले. "नेताजीनं वतलं असंल सकाळी," ते म्हणाले. डोळे उघडले नाहीत.

"म्हंजे परत गळतंय."

"गळत असंल."

"सांगा तुमच्या लेकाला. म्हणावं, इंजिन म्हंजे पिठाची गिरणी न्हवं. पट्टा चढवला की झालं असं नसतं."

"सांगतो."

आण्णा सांगायचे. त्या काळात आमच्या घरात दोन माणसांचं बोलणं तिसऱ्याच्या तोंडून चालायचं, आणि ते तिसरं तोंड आण्णांचं होतं. मी नेताजीशी बोलत नव्हते, तो माझ्याशी बोलत नव्हता. एका अंगणात दोन चुली. पुढच्या सोप्यात तो, त्याची बायको आणि पोरं, मागच्या दोन खोल्यांत आण्णा आणि मी. सासर सोडून मी आले त्याला तेव्हा बरीच वर्षं झाली होती. तो माझ्यापेक्षा धाकटा. लहानपणी माझ्या परकराला धरून चालायचा. तोच आता मी अंगणात आले की तोंड फिरवून गिरणीकडं निघायचा.

भांडण किडनीवरनं झालं होतं. आण्णांच्या दोन्ही किडन्या गेल्या तेव्हा डॉक्टर म्हणाले, घरातलं कुणी देणार असेल तर बघा. मी पहिल्यांदा हात वर केला. तपासणीत मला साखर निघाली. मला घरी पाठवलं. नेताजीचं सगळं जुळलं. तो हो म्हणाला. पेढे वाटायचे तेवढेच बाकी होते. मग त्याची बायको पोरं घेऊन माहेरी जाऊन बसली, आणि आठवड्यानं नेताजी मान खाली घालून म्हणाला, न्हाय जमणार. आण्णा लगेच म्हणाले, बरं झालं, मला नकोच होती. मी मात्र भर अंगणात, अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडले, "तुझी किडनी काय सोन्यानं मढवलीया व्हय रं? बापापेक्षा बायकोचा पदर मोठा झाला?" आणखीही बोलले. ते इथं लिहीत नाही. बोलले ते मला आजही चुकीचं वाटत नाही. फक्त त्यानंतर अबोला धरला आणि तो सुटेना.

आमचं गाव पाटणच्या पुढं, डोंगराकडं. डायलिसिस कऱ्हाडला. आठवड्यातनं दोन वेळा, सोमवारी आणि गुरुवारी. सोमवारी मी न्यायचे. गुरुवारी लाईट नसायची, गिरणी बंद असायची, म्हणून नेताजी न्यायचा. एस्टीनं न्यायचे दिवस कधीच संपले होते. आण्णांना पायरी चढवत नव्हती. जुनी व्हॅन होती ती घरची, आण्णांनीच निवृत्त झाल्यावर घेतलेली. तिच्यावर आमचं सगळं चालू होतं.

आणि तीच एका गुरुवारी येताना मल्हारपेठेजवळ फसकन वाफ सोडून बसली.

गॅरेजवाला म्हणाला, हेड गॅस्केट गेलंय, तेलात पाणी उतरलंय. गाडी ठेवून जा, आधीची कामं आहेत, पंधरा-वीस दिवस लागतील. पंधरा-वीस दिवस! आण्णांचा एक फेरा चुकला तर छातीत पाणी भरतं, हे त्याला काय माहीत. नेताजीनं काही न बोलता गाडी दुसऱ्या गाडीला बांधून घरी ओढत आणली, आणि अंगणात ताडपत्री टाकून स्वतःच इंजिन खोललं.

कधी स्कूटरचा प्लग साफ करण्याच्या पुढं गेलेला नाही. गिरणीचं जातं टाचायचं, पट्टा बदलायचा, मोटारीचा कंडेन्सर बदलायचा, एवढं त्याचं शिक्षण. मोबाईलवर कुणीतरी दाखवतंय ते बघायचा, थांबवायचा, पाना लावायचा, परत बघायचा. खाटेवर बसून आण्णा सांगायचे. आण्णांचा उभा जन्म ट्रकवर गेलेला. पाटणची गुळाची ढेप कुंभार्ली घाटातनं कोकणात उतरवायची आणि तिकडनं कौलं भरून यायचं. "मधल्या बोल्टापासनं आवळत भाईर जायाचं. एकदम आवळू नगं. एक फेरा सगळ्यांना थोडं थोडं, मग दुसरा फेरा." नेताजीचे हात तेलानं काळे, समोर डब्याला मोबाईल टेकवलेला, आणि तोंडानं "व्हय आण्णा, व्हय आण्णा."

मी मागच्या दारातनं बघायची. मला कळत होतं तो काय करतोय. किडनी नाही दिली, निदान गॅस्केट तरी घालतो, असं चाललं होतं. मला त्याचा अजूनच राग यायचा. एवढ्या स्वस्तात सुटतोस होय, असं वाटायचं.

रविवारी संध्याकाळी गाडी चालू झाली. आण्णांनी खाटेवरनं आवाज ऐकला आणि नुसता हात वर केला. साधं पाणी भरलं होतं. ते म्हणाले, "आधी पाणीच घालायचं. कुठं गळत न्हाय खात्री झाली की मग कूलंट." पहिल्या दिवशी चालवून आणल्यावर पाणी बोटभर खाली गेलं. "हवा निघती आतली," आण्णा म्हणाले. "दोनदा खाली जाईल, मग थांबंल." म्हणून मागच्या सीटपाशी पाण्यानं भरलेला काळा कॅन ठेवला.

आण्णांचा एक नियम होता. घाटातला. गाडी दारात लावणाऱ्यानं पाणी बघायचं, लागलं तर घालायचं आणि कॅन भरून ठेवायचा. पुढच्या चालवणाऱ्याला कॅन रिकामा मिळाला तर मागच्याच्या आईचा उद्धार करायचा. आमच्या घरात हा नियम देवापेक्षा मोठा होता.

तर पाणी थांबायला पाहिजे होतं, ते थांबेना.

म्हणजे बघायला गेलं की सीटखालची टाकी भरलेली. कॅन मात्र खाली गेलेला. आज बोटभर, उद्या चार बोटं, परवा अर्धा. मी भरून ठेवला तरी दोन दिवसांनी तीच गत. याचा अर्थ सरळ होता. नेताजी गुपचूप पाणी ओततोय आणि गळती लपवतोय. मला त्याचा काय आनंद झाला सांगू. माणूस कामात नापास झाला की तो सगळ्यातच नापास होता हे सिद्ध होतं, असं मला तेव्हा वाटायचं.

शनिवारी दुपारी नेताजी व्हॅनखाली शिरला. मी धुणं वाळत घालत होते, मुद्दाम अंगणात.

"आण्णा," खालनं आवाज आला, "तिला सांगा, पुठ्ठा ठिवला हुता रातभर खाली. एक थेंब न्हाय पडला."

खाटेवर आण्णा. "मंदे, पुठ्ठा कोरडा हाय म्हणतोय."

"मला ऐकू येतंय," मी म्हटलं. "मग पाणी काय वाऱ्यावर गेलं का म्हणावं? आतनं जळत असंल. विचारा त्याला, धूर पांढरा येतोय का."

"येत न्हाय!" खालनं नेताजी ओरडला. "आण्णा, तेलाची पट्टीबी वढून बघितली. तेल साफ हाय. दुधावानी झालेलं न्हाय."

"मग पंप गळत असंल."

"पंपाखाली बोट फिरवलं. कोरडं."

"मग पाइपा."

"सगळ्या चाचपल्या. कलिपा आवळल्या."

आण्णा आता दोघांचं काही सांगतही नव्हते. खाटेवर पडून छपराकडं बघत होते. कुंपणावरनं शेजारच्या बबनतात्यांनी मुंडी घातली. "अरं हळद टाक की मूठभर पाण्यात. रेडेटरला हळद टाकली की भोकं मुजत्यात. आमच्या जीपला वर्षभर चालली."

"तुमच्या जीपचं पिठलं झालं हुतं तात्या," आण्णा खाटेवरनं म्हणाले. "त्यो रेडेटर मी सवता उघडला हुता."

तात्या हसत आत गेले. आण्णाही हसले, मग खोकले, मग बराच वेळ धापा टाकत राहिले. नेताजी गाडीखालनं बाहेर आला. माझ्याकडं न बघता आण्णांच्या पाठीवरनं तेलकट हात फिरवायला गेला, हात बघितला, आणि मग नुसता कोपरानं पाठ चोळत राहिला. मी धुण्याची बादली उचलून आत गेले.

दमले होते मी. ते नीट सांगितलंच पाहिजे, नाहीतर पुढचं समजणार नाही. डायलिसिसच्या माणसाला लघवी होत नाही. प्यालेलं सगळं अंगातच राहतं. म्हणून आण्णांना दिवसाला दोन फुलपात्री पाणी, त्यातच चहा, त्यातच आमटी. वर एक थेंब नाही. मी त्यांची पहारेकरीण झाले होते. माठाला झाकण बांधून वर पाटा ठेवायची. मोरीतला नळ बाहेरनं बंद करायची. ते आंघोळीला गेले की दाराशी उभी राहून चूळ मोजायची. एकदा त्यांनी दात घासताना चूळ गिळली ते माझ्या कानानं ओळखलं आणि मी दार ढकलून आत गेले. सत्तरीचा माणूस, उघडा, ओला, आणि लेकीनं पकडलेला. "तहान लागली गं," एवढंच म्हणाले. मी म्हटलं, "मला पण लागते आण्णा. झोपेची." त्यानंतर त्यांनी मोरीत कधी चूळ गिळली नाही.

पण वजन वाढतच होतं. सोमवारी कऱ्हाडला काट्यावर उभं केलं की शगुफ्ता सिस्टर आकडा बघायची आणि माझ्याकडं बघायची. ती डायलिसिसची टेक्निशियन. लहानखुरी, तोंडानं फटकळ, हातानं हलकी. तिच्या हातानं सुई टोचली की आण्णा हूं करायचे नाहीत.

"काका, टाकी फुल करून आणली की परत! एवढं पाणी मशीननं ओढलं तर बीपी कुठं जाईल तुमचं? ताई, कुठनं पितात हे?"

"कुठनंच न्हाय सिस्टर. शपथ सांगते. दोन फुलपात्री. मी सवता मोजून देते."

"मोजून देताय तर हे काय हवेतनं आलं? काका, तुम्हीच सांगा. कुठनं पिता?"

आण्णा काट्यावर उभे राहून लहान पोरासारखे समोरच्या भिंतीकडं बघायचे. "न्हाय पीत."

"एक दिवस छातीत भरंल, मग इथपर्यंत यायला वेळ मिळणार नाही. सांगून ठेवते."

घरी येताना मी गाडीत बोलले. जे मनात होतं ते सगळं. पुढचा रस्ता बघत, मागं न बघता. नेताजीची बायको देत असेल, पुढच्या सोप्यात जाऊन पीत असाल, तुम्हाला मरायचंच असेल तर सांगा, आम्ही हे हेलपाटे थांबवतो. आण्णा मागनं एवढंच म्हणाले, "तिला नगं काय बोलू. ती देत न्हाय."

त्या दिवसांत आण्णांना व्हॅनमध्ये बसायला आवडायचं. दुपारी ऊन कलंडलं की हळूहळू भिंत धरत अंगणात जायचे, व्हॅनचं सरकतं दार उघडायचे आणि मागच्या सीटवर जाऊन बसायचे. तासभर, कधी दोन तास. मला बरं वाटायचं. ज्यानं उभा जन्म गाडीत काढला त्याला शेवटी गाडीतच शांत वाटणार. मी त्यांना टेकायला उशी नेऊन दिली होती.

पुढच्या सोमवारी पहाटेपासनंच आण्णांना आडवं होता येईना. आडवं झालं की गुदमरायचे. बसून राहायचे, तोंड उघडं टाकून. मी लवकर निघायचं ठरवलं. घाईत सीट उचलून पाणीही बघितलं नाही. त्यांना उचलून गाडीत ठेवलं आणि निघाले. नेताजी सोप्याच्या दारात उभा होता. काहीतरी म्हणायचं होतं त्याला. तोंड उघडलंही. मी गाडी मागं घेतली.

कऱ्हाडात शिरलं की आधी एका औषधांच्या दुकानापाशी थांबावं लागायचं. आण्णांचं रक्त वाढायचं इंजेक्शन तिथं बर्फात मिळायचं. गाडी रस्त्याच्या कडेला चिंचेच्या सावलीत लावली, काचा खाली केल्या. "आलेच," म्हटलं. आण्णांनी मान हलवली. दुकानात गर्दी होती. मी मागं उभी राहिले, आणि फोन वाजला.

नेताजीचा नंबर. कित्येक महिन्यांत पहिल्यांदा. त्याची पोरं बरी आहेत ना, हेच आधी मनात आलं.

"काय रं?"

"आक्का." मागं गिरणीचा घरघराट चालला होता. तो ओरडून बोलत होता. "हिरवं दिसलं का कुठं?"

"कसलं हिरवं?"

"गाडीखाली. पाइपांवर. काल रातीच्याला मी सगळं पाणी सोडून हिरवं कूलंट भरलंय. जिथनं गळंल तिथं हिरवा डाग पडंल. सकाळी तुला सांगणार हुतो, पर तू..." तो थांबला. "किती कमी झालंय? सकाळी किती वतलंस?"

"मी कुठं वतलं? मी बघितलंबी न्हाय आज."

"आज न्हाय तर राहू दे. रोजचं सांग. रोज किती वततीस?"

"मी कशाला वतू? तू वततोस की."

"मी? मी एक थेंब वतलेला न्हाय, आक्का. टाकी भरलेलीच असती. तू वतून ठेवतीस म्हणून. आण्णा म्हणत्यात, मंदानं वतलं."

"मला म्हणत्यात, नेताजीनं वतलं."

गिरणीचा आवाज तेवढा येत होता. पुढच्या माणसानं सरकायला सांगितलं, मी सरकले नाही. माझ्या डोळ्यांसमोर कॅन आला, मागच्या सीटपाशी ठेवलेला. आणि कॅनशेजारची उशी. मीच नेऊन दिलेली.

"नेताजी," मी म्हटलं, "कॅनमधी काय हाय?"



"तेच. मिसळून उरलेलं. गाडीला लागलं तर... आक्का, ते ईख असतं, जहर! आक्का, आण्णा कुठं हायत?"

इंजेक्शन, पिशवी, चप्पल, कशाकशाचं भान राहिलं नाही. एक चप्पल दुकानाच्या पायरीवरच राहिली. रस्त्यात एका मोटारसायकलवाल्यानं शिवी दिली ती ऐकू आली. व्हॅनचं दार बंद होतं. मी ते ओढून सरकवलं.

आण्णा बसले होते. कॅन दोन्ही पायांच्या मधे धरलेला. झाकण हातात, मोठं काळं झाकण, वाटीएवढं. त्यात हिरवं पाणी काठापर्यंत भरलेलं.

मी झाकण हिसकलं. अर्धं त्यांच्या धोतरावर सांडलं.

"पिलासा? आण्णा, पिलासा का?"

"न्हाय."

"खरं सांगा! थुका. आधी थुका!"

"काय थुकू?" ते म्हणाले. "तोंडात थुंकी तरी हाय का?"

"आ करा."

त्यांनी आ केला. मी त्यांची हनुवटी धरून तोंड उजेडाकडं वळवलं. पांढरी, भेगाळलेली जीभ. ओल नव्हती. हिरवं नव्हतं. नाक घालून वास घेतला. फक्त शिळ्या तोंडाचा वास. मी त्यांच्या शेजारी सीटवर बसले.

"उभा जन्म गाडी हाकली," आण्णा म्हणाले. "कूलंट वळखू येत न्हाय व्हय मला? वासावरनं कळतं. गोडुस असतो."

"मग झाकणात कशाला वतलं?"

"पाणी समजून वतलं. मग रंग दिसला." ते धापा टाकत, थांबत बोलत होते. "मग बघत बसलो."

"काय बघत बसला?"

आण्णांनी काचेतनं बाहेर बघितलं. चिंचेखाली एक म्हातारी बोरं घेऊन बसली होती. तिच्याकडं बघत म्हणाले, "मला वाटलं, तुमाला कळलं."

"काय कळलं?"

"मी पाणी पितो ते. रोजचं. गाडीतलं." मग थोडं थांबून, "म्हटलं, कळलं आन् म्हणून तुमी दोघांनी मिळून हे घातलं. सांगायची लाज वाटली आसंल, म्हणून गपचीप घातलं. म्हटलं, चला... एका गोष्टीवर तरी पोरांचं एकमत झालं."

ते टोमणा मारत नव्हते. टोमणा मारताना आण्णांच्या डाव्या भुवईला एक आकडा पडायचा, तो पडला नव्हता.

"आण्णा..."

"राग न्हाय आला गं. खरंच न्हाय आला. दमलायसा तुमीबी." मग माझ्या हातातल्या झाकणाकडं बघितलं. "फकस्त वाटलं, घालायचंच हुतं तर सांगून घालायचं. मी काय न्हाय म्हटलं असतं व्हय."

मला त्यांना धरून हलवावंसं वाटलं. ओरडावंसं वाटलं. दुसऱ्या हातातनं आवाज येत होता, कधीचा. फोन चालूच होता. मी कानाला लावला.

"आक्का! आक्का! आक्का!"

"न्हाय पिले," मी म्हटलं.

पलीकडं गिरणीचा आवाज बंद झाला. त्यानं पट्टा काढला असेल, नाहीतर खटका पाडला असेल. मग नुसता त्याचा श्वास.

"ऐकलंस?" मी विचारलं. "काय म्हणाले ते?"

"ऐकलं."

मग आण्णांनी हात पुढं केला. मी फोन त्यांच्या हातात दिला.

"नेताजी," ते म्हणाले. "गाडी गळत न्हाय रं. पयल्या दोन दिसानंतर गळालीच न्हाय. झ्याक काम केलंयस. बोल्ट बरोबर आवळलेस." श्वास घेतला. "मला म्हाईत हुतं. सांगायला पायजे हुतं. तू रोज गाडीखाली झोपायचास ते मला बघवत नव्हतं. पर सांगितलं असतं तर कॅन गेला असता."

नेताजी काय म्हणाला ते मला ऐकू आलं नाही. आण्णा "हां... हां..." करत राहिले. मग म्हणाले, "रडू नगं. गिऱ्हाईक असंल दारात. पिठात पाणी जाईल." आणि फोन माझ्याकडं दिला. फोनवर नेताजी मला म्हणाला, "आक्का, तू थांब तिथंच. मी येतो. मिळंल त्या गाडीनं येतो." मी म्हटलं, "ये." अबोला सुटला तो असा, एका शब्दावर.

झाकणातलं उरलेलं हिरवं मी परत कॅनमध्ये ओतलं, झाकण घट्ट फिरवलं आणि कॅन पुढं माझ्या पायाशी घेतला. एक चप्पल घालून दुकानाकडं गेले. दुसरी चप्पल पायरीवरच होती. इंजेक्शन घेतलं. शेजारच्या टपरीवरनं पाण्याची गार बाटली घेतली आणि गाडीत आले.

आण्णांनी बाटली बघितली. मग माझ्याकडं बघितलं. मागितली नाही.

मी टपरीवरनं काचेचा छोटा ग्लासही आणला होता, चहाचा. त्यात एक घोट ओतला. मोठा घोट. माझ्या मापाचा, त्यांच्या नव्हे. त्यांच्या हातात दिला.

"आजच्या दोन फुलपात्रातला?" त्यांनी विचारलं.

"न्हाय. वरचा."

त्यांनी ग्लास तोंडाला लावला. सगळं तोंडात घेतलं. आणि गिळलं नाही. गाल फुगवून, डोळे मिटून बसले. मी गाडी चालू केली. इंजिनच्या गरमीचा काटा अर्ध्यावर, जिथं असायला पाहिजे तिथं. इंजिनचा आवाज एकसारखा. मी पहिल्यांदाच तो नीट ऐकला. पुलावरनं जाताना आरशात बघितलं, आण्णांचे गाल तसेच फुगलेले. सिग्नलला बघितलं, तसेच. दवाखान्याच्या दारात त्यांना खुर्चीत बसवलं तरी तसेच.

वजनकाट्यावर शगुफ्ता सिस्टरनं एका बाजूनं धरलं, मी दुसऱ्या.

"या अल्ला! परत वाढलं! मागच्या वेळेपेक्षा जास्त! काका, आता मी खरंच चिडणार. कुठनं पिता ते आज सांगितल्याशिवाय मी मशीन लावायची नाही. बोला. बोला की काका!"

आण्णांनी गाल फुगवलेले ठेवून माझ्याकडं बोट केलं.

"ताई, तुम्ही सांगा मग. कुठनं?"

"गाडीतनं," मी म्हटलं.

शगुफ्ता सिस्टर हसायला लागली. तिला वाटलं मी चेष्टा करतेय. तेव्हा कुठं आण्णांनी तो घोट गिळला.